दोन मॉनिटर, तीन संगणक, एक टेबल

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात हल्ली असं दिसतं: मुलाकडे पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप, सुनेकडे नवा रायपूरच्या ऑफिसचा, आणि बाबांचा डेस्कटॉप, ज्याच्यावर शेअर बाजार चालतो. मॉनिटर दोनच. वाटणीचा दावा कोर्टात जाण्याआधी केव्हीएम स्विच आणावा. एक बटण दाबलं की कीबोर्ड, माउस आणि दोन्ही मॉनिटर एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. जातात म्हणजे, जायला हवेत.

रवी भवनच्या बाजारात शिरण्याआधी घरीच केबली मोजाव्यात. प्रत्येक संगणकाला दोन व्हिडिओच्या आणि एक यूएसबीची, म्हणजे नऊ. स्विचपासून मॉनिटरपर्यंत आणखी दोन. अकरा. हा आकडा ऐकून कोणी 'मला एकच मॉनिटर पुरे' म्हणालं, तर त्याला लगेच होकार द्यावा.

दुकानात नुसतं 'एचडीएमआय स्विच' मागू नये; टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जोडायची डबी हाती येईल. स्प्लिटर तर मुळीच घेऊ नये, त्यात एकच चित्र दोन्हीकडे दिसतं. दुकानदार 'सब चल जाएगा सर' म्हणेल. त्याला नमस्कार करून खोका पालथा करावा आणि प्रत्येक संगणकासाठी दोन-दोन व्हिडिओ पोर्ट आहेत का ते बघावं. मॉनिटर फोर-के असतील तर '६० हर्ट्झ' हे अक्षरशः छापलेलं हवं. एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्झवरच थांबतं, आणि माउसचा बाण लंगडत चालतो. बाबांना त्याचा फरक पडत नाही, बाजार तसाही घसरतोच.

आता खरी गोम. जोडणी झाली की संगणक मॉनिटरला नाव-गाव-गोत्र विचारतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त स्विच बटण दाबताच ती तोडतो. संगणकाला वाटतं मॉनिटर गेला, आणि सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर गोळा होतात. परत आलात की पंधरा खिडक्या पुन्हा मांडा. म्हणून 'ईडीआयडी इम्युलेशन' असलेलाच घ्यावा, महाग असला तरी. पैसे वाचवायचेच तर केबलीत वाचवा. खरं तर तिथेही नको.

सुनेचा लॅपटॉप एम१ किंवा एम२ चिपचा मॅकबुक एअर निघाला तर थांबा. तो झाकण उघडं असो वा बंद, बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, स्विच कितीही भारी आणा.

एवढं वाचून घाम फुटला असेल तर आणखी एक मार्ग आहे. बहुतेक मॉनिटरना मागे दोन-तीन इनपुट असतात. तीन असतील तर तिन्ही संगणक थेट तिथे जोडावेत, कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच घ्यावा आणि मॉनिटरचं इनपुट त्याच्याच बटणानं बदलावं. दोन मॉनिटर म्हणजे दोनदा बटण दाबायचं, एवढाच त्रास. मात्र प्रत्येक केबलीवर 'पुणे', 'नवा रायपूर', 'बाबा' अशा चिठ्ठ्या आजच चिकटवा. दिवाळीच्या साफसफाईत टेबल हललंच, तर कुठली केबल कुणाची हे कळेल.