चौक भत्ता

सरकारी नोकरीत भत्त्याला नाव असते आणि ते नाव बहुधा खरे असते. महागाई वाढली की महागाई भत्ता, घर भाड्याचे म्हणून घरभाडे भत्ता, कचेरीपर्यंत पोचायचे म्हणून वाहतूक भत्ता. आयटीवाल्यांनी हे सगळे एका पातेल्यात घालून त्याला ‘पॅकेज’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून कशाचे किती पैसे मिळतात हे घेणाऱ्याला कळेनासे झाले.

आमच्या भाच्याचेच घ्या. गडी साताऱ्याला आईवडिलांच्या घरी बसून वर्षाला १८ लाख मिळवतो. आता दुसरी कंपनी २४ देते म्हणते. अट एकच: आठवड्याचे पाचही दिवस पुण्याला हिंजवडीत येऊन बसायचे. काम तेच, तीच प्रोग्रामिंगची भाषा. साहेब बंगळुरूला, ग्राहक टेक्सासला. म्हणजे हिंजवडीला पोचल्यावर हा कानात हेडफोन घालून बंगळुरूशीच बोलणार. मग वरचे सहा लाख कशाचे?

आम्ही कागद घेऊन बसलो. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १८ लाखांवर कर होतो १ लाख ५० हजार ८००, आणि २४ लाखांवर २ लाख ९२ हजार ५००. घरभाड्याची सूट नव्या प्रणालीत नाहीच, त्यामुळे घरमालकाला दिलेला पैसा सरकारच्या दृष्टीने हवेत गेला. सहा लाखांतले जवळपास दीड लाख असे दारातूनच परतले. उरले महिन्याला ३८ हजार, तेही ‘सीटीसी’ नावाच्या कादंबरीतले पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल वगैरे सगळे रोख पगारच आहे असे उदारपणे धरून. त्यातून वाकडचे भाडे, डबा, धुणीभांडी, पेट्रोल आणि शुक्रवारी रात्री साताऱ्याची एसटी. भाच्याच्या हिशेबाने हाती उरले १२ हजार.

जाऊन-येऊन रोजचे दोन तास रस्त्यात. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ४४ तास. म्हणजे वाटेतल्या भूमकर चौकात बसून राहण्याचा दर तासाला पावणेतीनशे रुपये. आज घरी बसून कोड लिहिण्याचे त्याला तासाला सातशेच्या आसपास सुटतात. तेव्हा ही बढती नव्हे, कमी दराचा जोडधंदा आहे. त्याला ‘चौक भत्ता’ म्हणावे आणि पगारपत्रकावर तसा छापावा, एवढीच माझी मागणी. शिवाजी चौकाचा दर वेगळा, पावसाळ्यात दीडपट, आणि ज्या दिवशी मंत्रिमहोदय कोंडीची पाहणी करायला येतील त्या दिवशी दुप्पट.

मेट्रोचे काय, असे कुणी विचारील. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते झाले. अंतर सुमारे २३ किलोमीटर. पुढे उद्घाटनाच्या तारखा जशा सरकत गेल्या तशी भूमकर चौकातली एखादी मोटार सरकली असती, तर मेट्रोची गरजच पडली नसती.

बरे, कंपन्यांना काम हवे आहे म्हणावे, तर पुरावा उलटा बोलतो. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण त्याच प्रयोगात दुसरीही गोष्ट दिसली: तेवढीच कामगिरी करूनही घरी बसणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. साहेबाच्या नजरेआड असलेल्याचे काम दिसते, माणूस दिसत नाही, आणि बढती माणसाला मिळते. आमच्या काळच्या सरकारी कचेरीत हे शिपायालाही ठाऊक होते. तिथे खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवून, टेबलावर चष्मा ठेवून मंडळी निर्धास्त चहाला जात. कागद हलला नाही तरी चालायचे, मस्टरवर सही हवी. तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाई.

ज्या कचेरीला खासगीवाले पन्नास वर्षे हसले, तिचे मस्टर त्यांनी आता सोन्याच्या फ्रेममध्ये लावले आहे. टीसीएसने २०२४ मध्ये व्हेरिएबल पगार हजेरीला बांधला: ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर पूर्ण, ६० टक्क्यांच्या खाली शून्य. शाळेत गैरहजर मुलाचे गुण कापतात, इथे दिवाळीचे फटाके कापले. आणि सगळ्यांवर कडी झूमची. जिच्या जिवावर जगाने घरून काम केले, त्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये कचेरीपासून ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या स्वतःच्या माणसांना आठवड्यातून दोन दिवस समक्ष या म्हणून फर्मावले. हलवायाने पेढा खायला शेजारच्या दुकानात जावे, तसे झाले.

त्यावर कर्मचाऱ्यांनीही पिशवी अडकवण्याची नवी रीत काढलीच. सकाळी जायचे, कार्ड दाखवायचे, कॉफी प्यायची आणि घरी परतायचे. मग कंपन्या आत येण्याबरोबर बाहेर पडण्याची वेळही मोजू लागल्या. शिवाय पोचल्यावर खुर्ची मिळेलच असे नाही. ती आदल्या दिवशी ॲपवर राखून ठेवायची. तासभर चौकात घालवून आलेला इंजिनिअर कॅन्टीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. याला ‘टीम स्पिरिट’ म्हणतात.

साताऱ्याची बाजूही काही धुतल्या तांदळाची नाही. भाच्याचा डेमो सुरू झाला की महावितरणला देखभाल आठवते. साहेब ‘रोडमॅप’ सांगत असतो तेव्हा त्याची आई, म्हणजे आमची ताई, वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात ठेवते, ‘कानानेच तर ऐकतोयस, हात रिकामेच आहेत.’ गॅसचा सिलिंडर, बँकेचे पासबुक, शेजारच्या काकांचा मोबाइल, सगळे याच्याकडे, कारण ‘तो घरीच असतो’. गल्लीत निम्म्यांची खात्री आहे की पोराची नोकरी गेली असून घरचे अब्रूसाठी झाकून ठेवतायत.

अमेरिकेतल्या टेक कर्मचाऱ्यांवरच्या एका अभ्यासात माणसे घरून काम करायला मिळावे म्हणून सरासरी २५ टक्के कमी पगार घ्यायला तयार दिसली. २४ चे १८ म्हणजे नेमके २५ टक्केच! मी हे भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, ‘मामा, त्या अभ्यासात लग्न जमवायचं असलेले किती होते, ते बघा.’

खरी गोम तिथेच आहे. स्थळांच्या बाजारात १८ आणि २४ यांच्यात सहाचा नव्हे, हिंजवडीचा फरक आहे. ‘ऑफिस कुठे?’ या प्रश्नाला ‘माडीवर’ हे उत्तर देणाऱ्याची पत्रिका जुळत नाही. म्हणून ताईने तोडगा काढला: लग्न ठरेपर्यंत हिंजवडी, अक्षता पडल्या की सातारा. नव्या कंपनीच्या एचआरला हा तोडगा कळवायचा की नाही यावर घरात दोन मते आहेत.

तेवढ्यात परवा बाणेरचे स्थळ आले. मुलगीही आयटीतलीच. पगार, फ्लॅट, कर्ज, कशाचीच चौकशी नाही. तिने फोनवर एवढेच विचारले, ‘साताऱ्याच्या घरात आतून कडी लागेल अशी आणखी एक खोली आहे का? माझेही कॉल असतात.’ ताईने त्याच दुपारी कोठीच्या खोलीतले डबे बाहेर काढायला घेतले. भाच्याला आत बोलावून म्हणाली, ‘धर हे, तू घरीच आहेस ना.’