दोन कृष्णविवरं आणि एक सायलेन्सर

लॉस एंजेलिसच्या भाच्याने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला नसता, तर हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याहून ही स्वारी निघालीच नसती. फोटो ग्रिफिथ वेधशाळेचा. डोंगरावर पांढरीशुभ्र इमारत, वर घुमट, खाली लांबवर शहराचे दिवे. 14 मे 1935 ला उघडलेली ही वेधशाळा शहराच्या मालकीची आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, आणि आभाळ निरभ्र असलं की बारा इंची झाइस दुर्बिणीला कुणीही डोळा लावावा. आत्याने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला आणि म्हणाली, "आपल्या जिल्ह्यातबी व्हायलीय म्हणं वेधशाळा. औंढ्याला. मंग अमेरिका कशाला?"

लेखकाला एवढंच निमित्त हवं होतं. हा माणूस समजावून सांगण्यासाठीच जन्मला आहे. ऐकण्यासाठी कुणी जन्मलं आहे का, याची चौकशी त्याने केलेली नाही. रात्री बसून त्याने भाषण तयार केलं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला दुर्बीण नाही, घुमटही नाही. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, टोकांना आरसे, मधून लेझर. दूरवर प्रचंड वस्तुमानांची धडक झाली की अवकाशच किंचित थरथरतं आणि एक नळी केसभर लांबते. केसभरही नाही, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने 2,600 कोटींना मंजुरी दिली, 11 मेला पायाभरणी झाली. भाषण पाऊण तासाचं होतं. श्रोते दोन: भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर आणि आत्या. पैकी आत्याला ऐकू येत नाही. तिचं कानाचं यंत्र खराब होऊ नये म्हणून डब्यात घालून कपाटात असतं.

सेनगाव मागे पडलं. लेखकाने घसा साफ केला, "तर, अवकाश म्हणजे..." आणि जीप एका खड्ड्यात उतरून गतिरोधकावर चढली. खालून भांडं आपटल्यासारखा आवाज आला. मग जो आवाज सुरू झाला तो थांबेचना. सायलेन्सर निम्म्यातून तुटून रस्त्याला घासत होता.

ड्रायव्हर उतरला, वाकला आणि तुटका तुकडा फडक्याने धरून वर आला. तो गोणपाटात गुंडाळून मागे टाकला. "औंढ्याला वेल्डिंगवाला आहे, सर. तोवर असंच."

असंच म्हणजे काय, ते रस्त्यावरच्या म्हशींना विचारावं. हळद शिजवणाऱ्या कढयांपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. शाळेची पोरं कानात बोटं घालून मागे पळाली. हिंगोलीत एका हवालदाराने शिट्टी मारली असावी; गाल फुगलेले दिसले. ऐकू आली नाही.

भाषण मात्र थांबलं नव्हतं. लेखक ड्रायव्हरच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "दोन कृष्णविवरं धडकली!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "कुठं?"

"एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवर!"

"मग सोडा की, सर."

सोडणं या माणसाला जमत नाही. ती थरथर 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी टिपली. आधी लिव्हिंगस्टनला पोचली, सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. सगळं मिळून सेकंदाचा पाचवा हिस्सा. एवढी बारीक खूण गोंगाटातून वेचायची कशी, याच्या गणितावर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं आधीपासून काम करत होते. गोंगाट म्हणजे काय, तर 2017 मध्ये हॅनफर्डच्या नोंदींत काहीतरी खुटखुटत होतं. तपास केला तर द्रव नायट्रोजनच्या नळीवरचं हिम डोमकावळे चोचीने फोडत होते.

"कावळ्याची चोच कळती?" ड्रायव्हर जीपच्या वरताण ओरडला. "मग आपली गाडी लांबच लावू."

दुधाळ्याच्या अलीकडेच त्याने इंजिन बंद केलं. पाहण्यासारखं म्हणाल तर माळ, आणि माळावरून येणारा वारा. आत जायला परवानगी लागते. ती कुणी काढली नव्हती. लेखकाला उगाच राग आला. परवानगीचा नाही, पुण्यात हिंगोली म्हटल्यावर जे विचारतात त्याचा: "नांदेडच्या अलीकडे की पलीकडे?" 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा निघाल्यापासून या जिल्ह्याने 'तिकडं आहे काय?' एवढंच ऐकलं. आगगाड्या, कारखाने, समुद्राच्या लाटा यांपासून लांब असलेली जागा शोधत लोक अखेर इथे आले, म्हणजे जे नव्हतं तेच कामी आलं.

"पण भूकंप होतो ना आपल्याकडं?" ड्रायव्हरने रास्त मुद्दा काढला. 21 मार्च 2024 च्या सकाळी सहाच्या सुमाराला 4.5 तीव्रतेचा झाला होता. आरसे चाळीस-चाळीस किलोचे असतात, ते एकाखाली एक टांगलेल्या चौपदरी लोलकावर असतात, जमिनीचा हादरा खाली जाईस्तोवर मरतो, हे लेखक सांगणार, तेवढ्यात आत्या चप्पल काढून मातीवर उभी राहिली.

त्या पहाटे घरात सगळ्यांत आधी तीच उठली होती. भांडी वाजली तिला कुठली ऐकू येणार? पायाला कळलं, म्हणाली होती. घरात कोण आलं, कोण चिडून गेलं, मोटार चालू राहिली की काय, सगळं तिला फरशीवरून कळतं. आणि ऐकू येत नाही म्हणून तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही. लेखकसुद्धा नाही.

"काय करायलं आत्या?"

तिने ओठ वाचले. "बगायले. अजून चालू नाई झालं."

औंढ्यात नागनाथाचं दर्शन झालं. नंदी देवळाच्या मागे असतो तो तिथेच होता. वेल्डिंगवाल्याकडे वीज गेलेली. ती दोन तासांनी आली. मिस्त्रीने पाईप जोडला, वरून पत्र्याची पट्टी मारली, तीनशे सांगून अडीचशे घेतले आणि कुठून आलात विचारलं. "अपघात बघायला आलतो," ड्रायव्हर म्हणाला.

परतीच्या वाटेवर जीप इतकी गप्प होती की आत्याचं घोरणं ऐकू येत होतं. लेखकाने पुन्हा घसा साफ केला. त्याच्याआधी ड्रायव्हरच बोलला.

"सर, त्या दोघांत मोठं कोण होतं?"

"एक छत्तीस सूर्यांएवढं, दुसरं एकोणतीस."

ड्रायव्हरने गिअर बदलला. "म्हणजे केस छत्तीसवाल्यावर. चूक कुणाचीबी असू द्या, मोठ्या गाडीवरच घेतेत."