फोर बाय फोर, दहा बाय बारा

दादरच्या हिंदू कॉलनीत महिंद्राची एक जुनी एमएम ५४० जीप सव्वादोन लाखांना विकायची आहे, ही बातमी प्रस्तुत लेखकांच्या कानावर आली तेव्हा त्यांना जीपची काडीचीही गरज नव्हती. गिरगावात राहणाऱ्या माणसाला तशी कुठल्याच गाडीची गरज नसते. चर्नी रोड स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि आता तर मेट्रो अक्षरशः पायाखालून जाते. पण ज्या वस्तूची गरज नाही तिचा माणूस जेवढा कसून अभ्यास करतो, तेवढा पोराच्या शाळाप्रवेशाचाही करत नाही.

लेखकांनी अभ्यास केला. जोंगाचा विचार आधी झाला. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसान पॅट्रोलच्या आराखड्यावर बांधलेलं हे धूड १९९९ पर्यंत बनत होतं आणि लष्कराच्या लिलावांतून लोकांच्या हाती येत होतं. ते पेट्रोल किती पितं हे ऐकल्यावर ते प्रकरण तिथंच मिटलं. मग १९८५ साली आलेली मारुती जिप्सी. तिची अडचण अशी, की चांगली असेल तर स्वस्त नसते आणि स्वस्त असेल तर चांगली नसते. राहिली जीप. २११२ सीसीचं, मुळात प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन, ६२ अश्वशक्ती. आजच्या कितीतरी साध्या हॅचबॅकमध्ये याहून जास्त घोडे असतात, पण त्या घोड्यांना चारही चाकं ओढायला लावणारा दांडा नसतो. लेखक या दांड्यावरच भाळले. तो कधी ओढावा लागेल असा रस्ता त्यांच्या आयुष्यात नाही, हा तपशील त्यांनी बाजूला ठेवला. (खड्ड्यांचा विनोद वाचकांनी इथे आपापला घालून घ्यावा. तो सर्वांना पाठ आहे.)

शिवाय जीप ही मुंबईची लेक. २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. एम अँड एम छापलेली स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून आद्याक्षरं तीच ठेवली, असं सांगतात. ही काटकसर ऐकून लेखकांना कंपनी घरचीच वाटू लागली. अमेरिकेहून विलीज जीपचे सुटे भाग यायचे आणि माझगावात जोडले जायचे. माझगाव म्हणजे लालबागहून पाय मोकळे करायला जावं एवढ्या अंतरावर. तेव्हा ही खरेदी नसून माहेरवाशिणीला घरी आणणं आहे, अशी मांडणी लेखकांनी घरी केली. त्यांच्या पत्नीनं ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “ठेवणार कुठे तिला? माळ्यावर?”

खरं कारण लेखकांनी घरात सांगितलंच नव्हतं. ते पाडव्याचं होतं. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो दरवर्षी सगळ्या वर्तमानपत्रांत येतात. पुरुषांचे येत नाहीत. उघड्या जीपमध्ये फेटा बांधून बसलेला, पन्नाशीतला पण अंगानं बरा असा एखादा पुरुष त्या बुलेटच्या मागून आला, तर छायाचित्रकार आपोआप वळतील असा लेखकांचा हिशोब होता. यात्रा चालते माणसाच्या चालीनं. तिथे फोर व्हील ड्राइव्ह काय, बैलही चालला असता. पण बैलाला हूड नसतं, मग ते मागे टाकून उघड्यावर बसण्याची ऐट कुठून येणार?

आणि उघड्या जीपचं वेड गिरगावकराला का असू नये? १९६९ च्या ‘आराधना’त दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला समांतर धावणाऱ्या जीपमध्ये बसून जो तरुण गातो, आणि ज्याला बघून देशातल्या मुली वेड्या झाल्या, तो राजेश खन्ना ठाकूरद्वारचा. इथेच वाढलेला, इथल्याच सेंट सेबॅस्टियन शाळेत शिकलेला. त्याच शाळेत जितेंद्रही होता, तोही गिरगावातल्या चाळीतला. म्हणजे हिंदी सिनेमाची अर्धी चाल आणि अर्धी मान तिरकी करण्याची कला या एका वॉर्डातून गेली आहे. लेखकांनी ते गाणं असंख्य वेळा पाहिलंय. बायकोला वाटतं, शर्मिला टागोरसाठी. तसं काही नाही. त्या गाण्यातली बाई त्या जीपच्या बाजूला नव्हतीच. शर्मिला दुसऱ्या चित्रपटात अडकली होती म्हणून तिचे खिडकीतले शॉट्स शक्ती सामंतांनी नंतर मुंबईत, स्टुडिओत घेतले. राजेश खन्ना डोंगरात जे बघून मान वेळावतो आहे ती नुसती रेल्वेची खिडकी आहे. समोर कोणी नसताना इतकं खुश होता येणं, हा गुण गिरगावच्या गॅलरीत उभं राहूनच येतो. आणि अजून एक गोष्ट, जी लेखक चहाच्या टेबलावर हमखास सांगतात: जीप तो चालवतच नाही. स्टिअरिंगवर सुजित कुमार आहे. सगळं वळणावळणाचं काम त्यानं करायचं, एक डोळा दरीवर, एक रुळांवर, आणि नाव झालं बाजूच्याचं. सुजित कुमारवर कोणीतरी लिहायला हवं. भोजपुरी सिनेमात तो मोठा नायक होता, पण या गाण्यानं त्याला कायमचा ड्रायव्हर करून टाकलं. लेखकांच्या मनात त्याच्यावर एक स्वतंत्र लेख आहे, तो संपादकांनी मागितल्यास ते देतील.

तर जीप.

पार्किंगचा प्रश्न खरा होता. गिरगावात गाडी उभी करायची जागा ही स्थावर मालमत्ता असून ती रस्त्यावर असते. ती राखायला कोणी मोडकी खुर्ची ठेवतं, कोणी तुळशीची कुंडी, कोणी नंबरप्लेट नसलेली स्कूटर. रात्री जागा मिळालेला माणूस ठाण्याच्या लग्नालाही जात नाही, पाकीट पाठवतो. अशा गल्लीत जीप आणायची म्हणजे कोणाची तरी कुंडी हलवायची, आणि कुंडीमागची माणसं लेखकांना बालपणापासून ओळखतात.

कागदांचा प्रश्न त्याहून सरळ होता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी ताडदेवला तपासणी करून पुढची, शिवाय जुन्या गाडीचा पर्यावरण कर. जीप १९९१ ची, म्हणजे या चक्रातून ती सराईतासारखी फिरलेली. मालकाचं नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मोठे टायर, उंच केलेले पाटे, वर दिव्यांची माळ वगैरे लेखकांनी वहीत काढलेलं चित्र मात्र मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं फाडून टाकलं.

आता नेमकं काम किती, ते बघायला भायखळ्याचे एक उस्ताद आले. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून चासीकडे पाहिलं आणि “अडीच” म्हणाले. हजार असावेत या आशेनं लेखकांनी मान हलवली. लाख होते. क्लच, किंगपिन, प्रॉपेलरचे क्रॉस, ब्रेकच्या नळ्या, सगळा पत्रा, आणि “इंजिन नवंच टाकू”. म्हणजे गाडी सव्वादोनची आणि तिची चूक अडीचची.

हे सगळं ऐकून पत्नीनं लेखकांच्या लालबागच्या मामांना फोन केला. जीप रद्द करण्यासाठीच केला होता.

मामा पंच्याहत्तरीला टेकलेले. गिरणीत साचाखात्याचे फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांतले एक. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे हिशोबानं मामा अजूनही संपावर आहेत, असं तेच म्हणतात आणि स्वतःच हसतात. नंतर वॉचमनची नोकरी, मग परळच्या एका चित्रशाळेत गणपतीचे सांगाडे बांधायचं हंगामी काम. एका हातात चिवड्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली हत्यारं घेऊन ते हिंदू कॉलनीत उतरले.

पहिल्यांदा त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि मडगार्डवर धरलं. चिकटलं. चार बोटं खाली सरकवलं, सुटून हातात आलं. “लांबी,” मामा म्हणाले, म्हणजे पुट्टी. असं करत करत त्यांनी सबंध जीपचा नकाशा काढला, लोखंड किती आणि लांबी किती. लांबी जास्त भरली. मग मालक काकांना गाडी चालू करायला सांगितली. सेल्फनं दोनदा खाकरून तिसऱ्यांदा इंजिन उचललं, काळा धूर आला, मग निवळत पांढुरका झाला. मामांनी ऑईलचं झाकण काढून तोंडावर तळवा धरला. वाफ किती मारते ते बघितलं. नंतर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाशी दाबली आणि डोळे मिटले.

गल्लीत हॉर्न वाजत होते, वर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मामा टोक जरा सरकवायचे, थांबायचे, पुन्हा सरकवायचे. लेखकांनी त्यांना आयुष्यभर लग्नात वाढताना, गणपतीत आरत्या चुकवताना पाहिलं होतं. काम करताना आज पहिल्यांदा पाहत होते. गेल्या चाळीस वर्षांत या माणसाला घरातल्या कोणी एखाद्या यंत्राबद्दल मत विचारलं नव्हतं. मिक्सर बिघडला की मिक्सर बदलतात, पंखा कुरकुरला की पंखा. अडीच लाख जोडी कान या शहरानं एका वर्षात रिकामे केले आणि आता इंजिन बंद पडलं तर उस्तादसुद्धा बॉनेट न उघडता “नवंच टाकू” म्हणतो. ज्या गिरणीत मामा हे ऐकायला शिकले तिथे आज सरकते जिने आहेत. ते बिघडले की फळी आडवी लावून कंपनीच्या माणसाची वाट बघतात.

मामांनी डोळे उघडले. “इंजिन जित्ता आसा,” ते म्हणाले. “बाकी सगळा मडा.”

जीपवाले काका त्यावर दुखावले नाहीत, उलट त्यांनी चहा मागवला. इमारत पुनर्विकासाला चालली होती, जीप महिनाअखेरीला हलवायलाच हवी होती. पनवेलपलीकडच्या एका ढाब्याचा माणूसही येऊन गेला होता, म्हणाले. त्याला ती दारात उभी करायची होती, पिवळा रंग मारून, मागच्या बाजूला झाडं लावून. इंजिन तो आधी काढून विकणार होता.

“काढून?” मामांनी कप खाली ठेवला.

“त्याला उभीच करायचीय हो.”

मामांनी लेखकांकडे पाहिलं. त्या नजरेत पाडवा नव्हता, राजेश खन्ना नव्हता, काहीही नव्हतं. घासाघीस मग मामांनीच केली. पत्र्याचे, ब्रेकचे, किंगपिनचे असे एकेक पैसे वजा करत सव्वादोनाचे एक चाळीसवर आणले, आणि लेखकांच्या खिशातून पाच हजारांचा बयाणा काढून काकांच्या हातात ठेवला. काकांनी कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे पावती लिहिली: जीप, जशी आहे तशी.

संध्याकाळी गिरगावात ती पावती दोनदा वाचली गेली. मामांना रद्द करायला पाठवलं होतं याची आठवण करून देण्यात आली. मामा शांतपणे सुट्या भागांची यादी करत होते. क्रॉस आणि नळ्या नव्या घ्यायच्या, बाकीचं चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला बघायचं. गाडी तूर्त त्यांच्या चाळीच्या बोळात उभी राहील, गणपतीचा मंडप पडेपर्यंत. तोवर ब्रेक झाले तर झाले.

“आणि चालवणार कोण?” लेखकांच्या पत्नीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. लेखकांचा परवाना आहे, पण त्यांना रिव्हर्स येत नाही. पत्नीला येतो. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पावतीकडे. “पाडव्याला मी चालवीन. तुम्ही बाजूला बसा फेटा बांधून.”

लेखकांनी पाडव्याचा शब्दही घरात काढला नव्हता. हे तिला कसं कळलं ते विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण मामांनी मध्येच यादी पुढे केली. “शुक्रवारी पहाटे चोरबाजार. पैसे घेवन ये. आणि बूट घाल, ह्या चपलेन चालूचा नाय.”