ए मामा, सोड ना!

हा लहान मुलांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याची किंमत विचारलेली नसते. रेडिओवर चालणारं फोमचं विमान, पंखांची लांबी सव्वा मीटरच्या आसपास. फोम म्हणजे थर्माकोलचा शिकलेला भाऊ. एवढ्यावर भागत नाही. ट्रान्समीटर लागतो, रिसीव्हर लागतो, शेपटी-पंख हलवणाऱ्या सर्वो नावाच्या नऊ-नऊ ग्रॅमच्या मोटरी लागतात, बॅटरी लागते, आणि बॅटरीच्या मिजाशीला साजेसा चार्जर लागतो. घरी हिशेब देताना मी विमान एका ओळीत दाखवलं आणि बाकीचं सगळं 'किरकोळ'मध्ये टाकलं. जन्म बँकेत गेल्यावर एवढं येतं. पण बायकोने 'किरकोळ'ची बेरीज वेगळी केली आणि म्हणाली, "अहो, एवढ्यात आपण दोघं खऱ्या विमानाने गोव्याला जाऊन आलो असतो."

ते खरं आहे. पण त्या विमानात मला चालवायला देत नाहीत.

शिकवायला भाचा आहे. ताईचा धाकटा, इंजिनिअरिंगला, कॉलेजच्या एरोमॉडेलिंगच्या चमूत. ह्याला सायकल मी शिकवली होती. मी कॅरियर शेवटपर्यंत सोडलं नाही, म्हणून तो सायकल शेजाऱ्यांकडे शिकला, असं तो अजून चारचौघांत सांगतो. त्यात तथ्य असेलही. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. लिफ्टचं बटण कुणी आधीच दाबलेलं असलं तरी मी पुन्हा दाबतो. दूध ओतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ बायको उभी असते, आणि बायकोचं लक्ष राहावं म्हणून मागे मी. अशा माणसाच्या हाती दोन दांड्या दिल्यावर काय होणार, हे भाच्याने ओळखायला हवं होतं.

दांड्यांचं गणित असं. डावी वर केली की मोटरचा जोर, म्हणजे थ्रॉटल, वाढतो, आडवी हलवली की शेपटीचं सुकाणू वळतं. उजवी आडवी हलवली की विमान कलतं, आणि उजवी आपल्याकडे ओढली की नाक वर होतं. म्हणजे वर जायचं तर दांडी खाली. ह्या रचनेला मोड टू म्हणतात. मोड वनमध्ये थ्रॉटल उजव्या हाताला असतो. ह्या दोन पंथांत रोटीव्यवहार आहे, पण रिमोटव्यवहार नाही. एका पंथाच्या माणसाने दुसऱ्याचा रिमोट हाती घेतला की विमान कुठल्याच पंथाचं राहत नाही.

माळावर नेण्याआधी भाच्याने कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावून दिला. सिम्युलेटर ही फार प्रेमळ वस्तू आहे. विमान आपटलं की एक बटण दाबायचं, विमान पुन्हा धावपट्टीवर हजर. रात्री जेवणं झाल्यावर मी तिथे पुलाखालून वगैरे विमानं काढत असे. ते बटण खऱ्या रिमोटवर कुठे आहे, हे मी माळावर भाच्याला विचारलं तेव्हा तो थोडा वेळ बोलला नाही.

माळ पुरंदरातला. पुण्यातल्या पुण्यात हा उद्योग नको. लोहगाव हवाई दलाचं, आणि प्रवासी विमानंही तिथेच उतरतात. ह्याबाबतीत मी भाच्यापेक्षा तयार होतो, कारण नियम वाचणं हा माझा मूळ छंद आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमान म्हणजे काय ते दिलं आहे: २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीपुरतं, आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचं. सरकारी नकाशावर जो भाग हिरवा, तिथे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. हे सगळं मी त्याला मुद्देसूद समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आपण आधी चार फुटांचं बघू."

उडवण्याआधी तोल बघायचा असतो. पंखाच्या रुंदीत पुढच्या कडेपासून पाव ते तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून विमान उचलायचं. ते सपाट राहायला हवं, किंवा नाक किंचित झुकायला हवं. नाही राहिलं तर बॅटरी पुढे-मागे सरकवायची. ह्या मंडळींत एक म्हण चालते: नाक जड असेल तर विमान वाईट उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं. आमचा तोल बरोबर होता. वारा समोरून हळू येत होता. भाच्याने चार पावलं धावून विमान वाऱ्याच्या तोंडावर अलगद सोडलं आणि ते निघालं की! मला तर हात जोडावेसे वाटले, पण हातात रिमोट होता.

इथून पुढे जे झालं त्याला भाचा 'मामाचा हस्तक्षेप' म्हणतो.

नवशिक्यांच्या विमानाला ट्रेनर म्हणतात. त्याचा पंख पाठीवर असतो आणि दोन्ही टोकांकडे थोडा वर उचललेला. त्यामागे अक्कल आहे. एक बाजू खाली गेली की विमान त्या बाजूला घसरू लागतं, घसरताना खालच्या अर्ध्या पंखावर हवा जास्त कोनातून येते, तो अर्धा जास्त उचलला जातो आणि विमान आपलं आपण सरळ होतं. ह्या कामाला त्याला एखाद-दोन सेकंद लागतात. माझा अंगठा त्याच्या आत पोहोचतो. विमान डावीकडे कललं की मी उजवीकडे दांडी मारणार, तेवढ्यात त्यानेही सरळ व्हायला घेतलेलं असणार. मग दोघांची मेहनत एकत्र होऊन ते उजवीकडे पार आडवं. की मी डावीकडे. अशा चढत्या भाजणीने आम्ही दोघं बाभळीकडे निघालेले, आणि मागून एकच शब्द: "सोड! ए मामा, सोड ना!"

सोडा म्हणणं सोपं आहे. पडणाऱ्या वस्तूवरून हात काढायचा, हे कुणी आणि कुठल्या वयात शिकावं?

माझ्या बाजूने इतिहासही आहे, आणि तो मी भाच्याला परतताना गाडीत ऐकवला. १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो ह्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं एक छोटं विमान उडवलं. पंखांची टोकं वर वळवलेली, मागे शेपटी. कुणीही हात न लावता ते ११ सेकंद उडत राहिलं. पुढे राइट बंधूंनी ह्याच्या उलट वाट धरली. सायकलवाली माणसं ती. सायकल स्वस्थ उभी राहत नाही, चालवणारा ती सतत सावरत असतो, तसंच विमानाचंही असावं, असं त्यांचं मत. त्यांनी पंखांची टोकं चक्क खाली झुकवली आणि सगळा भार चालकाच्या हातांवर टाकला. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं. "म्हणजे हे बघ," मी म्हणालो, "सतत सावरणारी माणसं इतिहासात अमर झाली आहेत."

भाच्याने गिअर बदलला. "मामा, पेनोचं ११ सेकंद, राइटचं १२. माणूस वर बसवून बत्तीस वर्षांत फायदा झाला एका सेकंदाचा."

ह्या पिढीला इतिहास सांगू नये.

मग उजवं-डावं. विमान आपल्यापासून लांब जात असेल तर त्याचा उजवा तो माझा उजवा. पण वळून ते माझ्याकडे यायला लागलं की त्याचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला. ही गोष्ट कागदावर कुणालाही कळते. विमान थेट तोंडावर येत असताना ती फक्त विमानाला कळते. उपाय म्हणून भाच्याने सूत्र दिलं: समोरून येताना जो पंख खाली दिसेल, दांडी त्याच बाजूला. विचार करायचा नाही. मी बराच काळ रिमोटसह स्वतःच विमानाबरोबर वळत होतो, म्हणजे विमान आणि मी एकाच दिशेला तोंड करून. त्यात उजवं-डावं चुकत नाही. विमान मात्र पाठीमागे राहतं.

आणि वेग. वेग संपला की नाक वर धरून काही होत नाही, पंखावरची हवा सुटते आणि विमान बसतं. त्याला स्टॉल म्हणतात. अशा वेळी दांडी पुढे ढकलून नाक खाली करायचं असतं, म्हणजे खाली येणाऱ्याला आणखी खाली जायला सांगायचं. वेग आला की मग ते ऐकतं. अंतःकरण उलट सांगतं: ओढ, वर ओढ! बर्लिनजवळच्या टेकड्यांवरून ग्लायडरने सुमारे दोन हजार वेळा झेपावलेला ऑटो लिलिएंथाल ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच स्टॉलने सुमारे १५ मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो स्वतः वर होता. मी खाली, चप्पल घालून उभा. हा छंद म्हणजे त्याच्यासारख्या माणसांनी जिवावर शिकलेली गोष्ट आपण फोमवर शिकतो, एवढी त्याची स्वस्ताई मला मान्य आहे.

तो फोमही चिवट. नाक चेपलं तर गरम पाण्याची वाफ द्यायची, दबलेले दाणे फुगतात आणि नाक बरंचसं पूर्ववत होतं. हे समजल्यावर मी पहाटे स्वयंपाकघरात गेलो. बायको मागून आली. पातेल्यावर विमान ओणवं धरलेलं.

"अहो, चहाचं आधण आहे ते."

"नाक सरळ होईपर्यंत थांब."

तिने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि साखरेचा डबा परत ठेवून दिला.

बॅटरीचं दुखणं वेगळंच. तीन सेलची लायपो, ११.१ व्होल्टची, पूर्ण भरली की १२.६. ती पार रिकामी करायची नाही. भरलेली ठेवायची नाही. ठेवायचीच तर सेलमागे ३.८ व्होल्टवर, म्हणजे ना जेवलेली ना उपाशी. आणि चार्ज करताना नजरेआड करायची नाही, कारण बिघडली तर फुगते आणि भडकते. म्हणून गॅलरीत मातीच्या रिकाम्या कुंडीत ती ठेवून मी समोर स्टूल टाकून बसतो. "मला टायफॉइड झाला होता तेव्हा एवढे बसला नव्हतात," असं ऐकू आलं. टायफॉइड भडकत नाही, हे उत्तर मी मनातच ठेवलं.

परवाची गोष्ट सांगतो. पौषातली सकाळ. उन्हं वर आली की माळावर भोवरे सुरू होतात, म्हणून आम्ही उजाडता उजाडताच पोहोचलो. वारा पडलेला. माळाच्या कडेला धनगरांचा वाडा उतरला होता, मेंढ्या बाहेर निघत होत्या. भाच्याने विमान सोडलं, मी ते चढवलं. उंचीबाबत त्याचं म्हणणं असं की ती फुटांत न मोजता चुकांत मोजावी. नवशिक्याने कायम दोन चुकांच्या उंचीवर राहावं, एक करायला आणि दुसरी ती सुधारताना करायला. दोन चुकांवर पोहोचल्यावर तो म्हणाला, "आता थ्रॉटल निम्मा. आणि उजवा अंगठा उचल."

मी उचलला. विमान किंचित कललं. अंगठ्याला कळ आली. विमान सरळ झालं. मग ते आपल्या आपण, मोठ्या घेराने, कुणाच्या बापाची पर्वा न करता फिरू लागलं. वर एक घार होती, तीही पंख न हलवता फिरत होती. तिलाही शिकवलेलं कुणीतरी असणार.

घोंगडी पांघरलेला एक म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ आधी विमान बघितलं, मग माझे हात.

"सायेब, ह्ये तुमी उडिवताय, का त्येचं त्ये उडतंय?"

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात भाचा म्हणाला, "त्याचं ते उडतंय, बाबा."

"मंग ह्यास्नी कशापायी थंडीचं हुबं केलंय?"

बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजली म्हणून ह्या प्रश्नातून सुटलो. उतरवताना मात्र 'सोड' उपयोगाचं नाही. वाऱ्याच्या तोंडाने यायचं, जोर कमी करत उंची सोडायची, आणि अगदी शेवटी, जमीन हातभर उरली की नाक हलकेच वर धरायचं. चाकं आमची मागेच गेली होती, त्यामुळे पोटावरच. मी नीट आणलं. खरोखर नीट. थ्रॉटल पूर्ण बंद केला. विमान गवतावरून तरंगत येत होतं, आणि इतके दिवस सोड-सोड ओरडणारा भाचा गळा फाडून ओरडला, "आता धर! धर, मामा, धर!"

मी धरण्याआधी मेंढ्यांमागचं कुत्रं उठलं. विमान जमिनीला टेकलं, दोन हात घसरलं, आणि तिथून थेट त्याच्या तोंडात. ते वाड्याच्या दिशेने निघालं.

"त्येला धर म्हन्लं की धरतंय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "सोड म्हना, सोडंल."

मी म्हटलं, "सोड!"

त्याने एका शब्दात सोडलं. भाच्याने त्या कुत्र्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं माझ्याकडे अजून पाहिलेलं नाही.

उजव्या पंखावर चार दातांच्या खुणा आहेत. त्याने उडण्यात काही फरक पडत नाही, असं भाचा म्हणतो. मला ते उजवीकडे ओढतंय असं स्वच्छ दिसतं, पण अशी ओढ मोडणाऱ्या ट्रिमच्या बटणाला मी अजून हात लावलेला नाही.