साहेबांचं अर्थिंग

वीज मंडळातून रिटायर झालेला एक साहेब तुमच्याही गल्लीत असणारच. लाईट गेली की बाकीचे काडेपेटी शोधतात, हा गच्चीवर जाऊन गाव कुठवर अंधारात आहे ते बघतो आणि खाली येऊन निकाल देतो, "डीओ फ्यूज उडालाय." 2005 साली मंडळ मोडून महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण आमचे कबनूरचे साहेब शेवटपर्यंत 'बोर्डातलेच' राहिले.

तेही चाललं असतं. चालायचं नाही ते अर्थिंग. कुणाचा फ्रीज बिघडो, कुणाच्या यंत्रमागाची मोटर जळो, साहेबांचा पहिला प्रश्न, "अर्थिंग बघितलं?" वास्तुशांतीला गेले की तीर्थप्रसाद राहू दे, आधी घरामागचा खड्डा. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि उठताना म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण अर्थिंग नाही." सोयरीक तिथंच मोडली. घराण्यात नेमकं काय कमी निघालं, हे त्या लोकांना अजून कळलेलं नाही.

उन्हाळा लागला की काकू तुळशीला तांब्याभर पाणी घालायच्या, साहेब अर्थिंगला बादलीभर. नळाला पाणी नसलं तरी ती बादली चुकायची नाही. "कोळसा-मीठ घातलं म्हणजे झालं काय? ओल नसेल तर करंट उतरणार कुठं?" काकू म्हणायच्या, "माझ्या डोक्यात."

साहेब नोकरीत होते तेव्हा, लोडशेडिंगच्या काळात, आमच्या मागवाल्यांनी जनरेटर घेतले. मेन स्विच न पाडता जनरेटर सुरू केला की करंट उलटा लाईनीत शिरतो आणि डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून जाताना त्याचे 11 हजार व्होल्ट होतात. शटडाऊन घेऊन खांबावर चढलेल्याला वाटतं, लाईन बंद आहे. म्हणून डिस्चार्ज रॉडनं तिन्ही तारा जमिनीला जोडल्याशिवाय साहेब कुणाला वर चढू द्यायचे नाहीत. माग खोळंबायचे, मालक डीपीखाली येऊन ओरडायचे, साहेब त्यांच्याहून मोठ्यानं. आम्हीही तेव्हा मालकांच्याच बाजूचे. माणूस तिरसट, यावर गावाचं एकमत होतं.

साहेबांच्या उत्तरकार्याच्या पंगतीत माझ्या शेजारी दोन म्हातारे लाइनमन बसले होते.

"लई शिव्या घालायचं राव साहेब," एक म्हणाला.

दुसऱ्यानं आमटीभात कालवला. "व्हय. म्हणून तर आपण त्यांच्या जेवणाला हाय. न्हाईतर साहेब आपल्या जेवणाला आलं असतं."