शेवटी दिवा लागला पायजे

फेब्रुवारी २०२३. वर्ध्यात स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पुस्तकांच्या दालनात मी एका गाळ्यासमोर उभा होतो. शेजारी सेलू तालुक्यातली एक बाई, हातात कापडी पिशवी. गाळ्यावरच्या पोराला ती म्हणाली, ‘‘मले असं गोष्टीचं पुस्तक पायजे जी, रडू आलं तं येऊ द्या, पण शेवटी घरात दिवा लागला पायजे. सासूले वाचून दाखवतो रात्री. तिले आता बरोबर दिसत नाही.’’

पोरगा पुस्तकं शोधू लागला. तेवढ्यात माझ्या ओळखीचे एक समीक्षक मागून आले, पुस्तकांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘‘गोग्गोड! याच्यापलीकडे आपला वाचक जाणार कधी?’’

मला राग आला तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे सदर.

नवऱ्या-बायकोच्या, आई-मुलाच्या, रुसव्या-फुगव्याच्या गोष्टी वाचणाऱ्याला आपण अर्धशिक्षित समजतो. दुःख लिहिणारा मोठा, माया लिहिणारा बारका, अशी आपली उतरंड. ‘जगण्याचं दाहक वास्तव’ हे शब्द व्यासपीठावर एका दिवसात किती वेळा ऐकले याची मोजदाद मी सोडून दिली. वास्तव त्या बाईला कुणी सांगायचं? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांना खास मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कपाशीचा भाव, बँकेची नोटीस, बोंडअळी हे सगळं तिला पाठ आहे. दिवसभर जे सोसलं तेच रात्री पुन्हा वाचून दाखवायचं नाही, एवढंच ती मागत होती. या मागणीला पळपुटेपणा म्हणणाऱ्याने एकदा तिच्याबरोबर वेचणीला जावं आणि मग बोलावं.

आणि वर्ध्यात उभं राहून हे बोलणं तर फारच चुकीचं. आमचं गाव बाहेरच्यांना व्रतांचं वाटतं: खादी, सूत, उपास, प्रार्थना. मुलांना शाळेत सनावळ्या शिकवतात, १९३६ला गांधीजी सेगावात आले, १९४०ला सेगावचं सेवाग्राम झालं. खरं आहे ते. पण या गावाने मराठीला दिलेलं सगळ्यात मोठं पुस्तक एका आईच्या हट्टातून आलं, हे त्या पोरांना कोण सांगतं?

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता वाचायची होती. संस्कृत येत नव्हतं. विनोबांनी तिला मराठीतला श्लोकबद्ध अनुवाद आणून दिला, तोही तिला जड गेला. तेव्हा ती लेकाला म्हणाली, तूच का करत नाहीस सोपी गीता? मागणी केवढी साधी! घरातल्या पोराला ‘एवढं करून दे रे’ म्हणावं तशी. १९१८मध्ये ती गेली. लेकाने गीता मराठीत आणली ती १९३०-३१च्या हिवाळ्यात, इथे वर्ध्यात. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. नाव ठेवलं ‘गीताई’. त्या नावातच आई आहे. गोपुरीच्या गीताई मंदिरात आज ते श्लोक शिळांवर कोरलेले आहेत आणि वर छप्पर नाही. पावसात जाऊन बघा. वाचणारी जिवंत असताना पोचलं नाही ते पत्र आहे ते, आणि दगडावर लिहून उघड्यावर ठेवलंय.

याच रुक्मिणीबाईंची तांदळाची गोष्ट मला त्याहून आवडते. देवाला लाख दाणे वाहायचे म्हणून त्या रोज एकेक दाणा मोजत बसत. नवऱ्याने हिशेबी तोड सुचवली: एक तोळा तांदूळ वजन कर, त्यातले दाणे मोज, त्यावरून लाखाचा अंदाज काढ, थोडे जास्त घाल, झालं. बाईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला, म्हणजे विनोबांना, विचारलं. पोराचं म्हणणं असं की एकेक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, ती वजनात कशी येणार? आईचा चेहरा खुलला असेल. वडीलही काही वाईट बोलले नव्हते, बायकोचा त्रास वाचावा एवढंच त्यांच्या मनात. तीन माणसं, एक ताट आणि तांदूळ. यात दाहक काही नाही. पण विनोबांबद्दल लोक पुष्कळ विसरले तरी ही गोष्ट सांगत राहतात, कारण असं ताट प्रत्येकाच्या घरी आहे.

पुढचा धागाही बघा. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि ते उतरवून घेणारा माणूस होता साने गुरुजी. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांची आईही तोवर केव्हाच गेलेली होती. ‘गीताई’ आणि ‘श्यामची आई’, मराठीतल्या या दोन आईच्या पुस्तकांच्या लिहिण्यात दोन वर्षांचंच अंतर आहे. आणि हे दुसरं पुस्तक कुठे लिहिलं गेलं? बराकीत, आई नसलेल्या मुलाने, घर नसलेल्या ठिकाणी. घराची ऊब ज्याला मिळाली नाही किंवा मिळून गेली, तोच ती शब्दांत धरू शकतो. सुखात लोळणाऱ्याला ती दिसतही नाही. त्या पुस्तकाला रडकं म्हणणारे चार पिढ्यांपासून आहेत, आणि पुस्तक चार पिढ्यांपासून घरात आहे.

प्रेमाचं म्हणाल तर वर्ध्याच्याच १९६९च्या संमेलनाचे अध्यक्ष होते पु. शि. रेगे. ‘सावित्री’ त्यांची, नुसत्या पत्रांची कादंबरी. आणि आमच्या विदर्भाच्याच कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची एकमेकांना लिहिलेली प्रेमपत्रं ‘कुसुमानिल’ म्हणून पुस्तकात आली. हे दोघंही संमेलनाध्यक्ष झाले, अनिल १९५८मध्ये मालवणला, कुसुमावती १९६१मध्ये ग्वाल्हेरला, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या बाई. प्रेम हलकं असतं हे त्या खुर्चीवरून बोलताना ज्याने त्याने जरा मागे वळून पाहावं.

आता दुसऱ्या बाजूलाही एक टोला, कारण तिथेही राग आहे. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या त्या ‘हृदयस्पर्शी’ गोष्टी. ‘एका गावात एक म्हातारी होती’, गावाला नाव नाही, म्हातारीला आडनाव नाही, सून वाईट, मग एका प्रसंगाने चांगली, शेवटी डोळ्यांत पाणी आणि खाली ‘पुढे पाठवा’. यात ऊब नाही. गरम पाण्यात साखर आहे. सून खरी कधी बदलते? भाकरी टाकता टाकता, वर्षानुवर्षं, थोडी थोडी, आणि सासूही तेवढीच बदलते. गोष्टीत भाकरी दिसली पाहिजे, चूल कशाने पेटवली ते दिसलं पाहिजे, पऱ्हाट्यांनी की गॅसने, तरच माया दिसते. आणि मन दुखलेलंही दिसलं पाहिजे. जखम लपवून वर फुंकर घालणारा लेखक वाचकाला फसवतो, आणि आपल्या त्या समीक्षकांच्या हातात काठी देतो.

हे सगळं मी त्या गाळ्यापुढे बोललो नाही. समीक्षक पुढे निघून गेले होते. पोराला मनाजोगतं पुस्तक सापडत नव्हतं. बाईने मलाच विचारलं, ‘‘तुमाले माहीत हाये का एखादं?’’ पुस्तकाचं नाव ऐन वेळी आठवेना. गोष्ट मात्र आठवली, ती मी तिला सांगितली.

सेवाग्रामला गेलेले लोक बापू कुटीत वेळ काढतात आणि बा कुटीसमोरून भरभर जातात. तिथे राहणाऱ्या कस्तुरबांची ही गोष्ट. थोरला मुलगा हरिलाल वडिलांवर रुसून दूर गेलेला, व्यसनांत बुडालेला. गांधीजी आणि बा रेल्वेने चालले होते. कटनी स्टेशनवर गाडी थांबली, गर्दीने महात्मा गांधींचा जयजयकार केला. त्यात एकच आवाज वेगळा आला, माता कस्तुरबांचा जयजयकार करणारा. फाटके कपडे, दात पडलेले, हरिलाल खिडकीशी आला. खिशातून त्याने एक फळ काढलं. सांगणारे कुणी संत्रं म्हणतात, कुणी मोसंबी. आमच्या जिल्ह्यात दोन्ही होतात, मी संत्रं म्हणालो. ते त्याने आईला दिलं. बापूंनी विचारलं, मला काही नाही? नाही, हे फक्त बासाठी, तो म्हणाला, तूच खायचं असं तिला बजावलं. बाने त्याला बरोबर चल म्हणून विनवलं. तो आला नाही. गाडी हलली. मग बाच्या लक्षात आलं, पोराला आपण खायला काहीच दिलं नाही, आणि जवळ टोपलीत फळं होती. तोवर फलाट मागे पडला होता. लांबून पुन्हा तोच आवाज आला, तिच्याच नावाचा.

बाई ऐकत होती. पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली.

‘‘टोपलीत होते ना पण फळं?’’ तिने विचारलं.

‘‘होते.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग गाडी निघून गेली.’’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. या गोष्टीत शेवटी दिवा कुठे लागला, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होतो. तिने विचारलं नाही. गाळ्यावरच्या पोराला म्हणाली, ‘‘पुस्तक राहू द्या जी. आज सासूले हेच सांगतो.’’