बोर्डाशेजारचे अप्पा

ज्या कचेरीत सगळ्या खोल्यांचे दिवे एकाच ठिकाणच्या बोर्डावर आणलेले असतात, त्या कचेरीत बोर्डाच्या हाताशी ज्यांची खुर्ची असते ते अप्पा. हुद्द्याने ते शिपाई, कारकून किंवा दिवाणजी असतात. हाक मारताना त्यांना आबा, नाना किंवा बापूही म्हणतात. वडीलधाऱ्या माणसाला मूळ नावाने बोलावण्याची खानदेशात रीत नसल्यामुळे त्यांचे खरे नाव हजेरीपटाबाहेर सहसा पडत नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत ते मुबलक आढळतात.

अप्पा तयार होतात ते वायरिंगच्या दिवशी. एरवी काम सोपे आहे. फेज एमसीबीतून बोर्डावर येतो, एका बटणावरून दुसऱ्यावर लूप होत जातो आणि प्रत्येक बटणातून एक वायर आपापल्या दिव्याकडे निघते. न्यूट्रल बटणात न अडकता थेट दिव्यादिव्यांतून फिरतो. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते, आणि एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट यांहून जास्त भार टाकू नये, असे आयटीआयत शिकवतात. खिडकीलगतची ओळ एका बटणावर आणि आतली दुसऱ्यावर घेतली, की दिवसा निम्मे दिवे बंद ठेवता येतात, हेही वायरमनला ठाऊक असते. पण पाइप अरुंद, मालक घाईत आणि वायरचे बंडल संपत आलेले. मग जो पाइप जवळ सापडेल त्यातून वायर सरकते, दोन-तीन दिवे एका बटणाखाली बांधले जातात, आणि तिसऱ्या बटणावर रोखपालाच्या डोक्यावरची ट्यूब व संडासातला बल्ब यांची कायमची सोयरीक जमते. ‘बटणांवर नावं मंग लिहू’ असे सांगून वायरमन पैसे घेतो आणि एरंडोलला लग्नाच्या मांडवाची लायटिंग करायला निघून जातो. त्या दिवशी शिडी धरून उभे असलेले एकच गृहस्थ कचेरीत उरतात. कोणते बटण कुठला दिवा लावते, हे त्यानंतर फक्त त्यांना माहीत असते.

या माहितीचा अप्पा गैरवापर करत नाहीत. वापर मात्र पुरेपूर करतात. नवा कारकून बोर्डाकडे हात नेऊ लागला, की मान वर न करता ते म्हणतात, ‘भो, ते नको दाबू.’ का, ते सांगत नाहीत. प्रत्येक बोर्डावर असे एक बटण असतेच, ज्याने काहीही लागत नाही. बहुधा ते कधीकाळी काढून टाकलेल्या एक्झॉस्ट पंख्याचे असते. पण अप्पा ते कुणाला दाबू देत नाहीत. त्यांच्या निम्म्या दराऱ्याला या बटणाचाच आधार आहे.

सराफ बाजारातले अप्पा या जातीतले सर्वांत कुशल. जळगावच्या सोन्याला नाव आहे, आणि नावाला प्रकाश लागतो. सोन्यावर पिवळसर उजेड पाडला तर ते खुलते, चांदी पांढऱ्या उजेडात उठून दिसते. गिऱ्हाईक पायरी चढते आहे तोवर ते मंगळसूत्राला आले की पैंजणांना, हे अप्पा चेहऱ्यावरून ओळखतात आणि त्याप्रमाणे बटण खाली करतात. नुसते भाव विचारायला आलेल्यासाठी ते काहीच दाबत नाहीत.

धुळ्याकडच्या सरकारी कचेरीतले अप्पा वेगळ्या वळणाचे. तिथे बोर्ड हेच हजेरीपत्रक. साक्रीहून किंवा शिरपूरहून पहिल्या एसटीने आलेला माणूस साहेबांच्या दाराकडे पाहत नाही. बोर्डावरचे पहिले बटण वर आहे की खाली, ते पाहतो. बटण वर असेल तर साहेब आलेले नाहीत. बटण खाली असून केबिन रिकामी असेल, तर साहेब ‘फिरतीवर’ आहेत. हा फरक अनुभवानेच कळतो. पाच कंदील चौकातून कचेरीला येणारे एक अप्पा मात्र, पाच कंदिलांना बटणे किती होती, असा प्रश्न टाकून नवख्या वायरमनची परीक्षा घेतात. उत्तर त्यांनाही माहीत नाही.

अप्पांचा सुवर्णकाळ 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत होऊन गेला. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र रात्रंदिवस धूर सोडत होते आणि त्याच जिल्ह्यात लोक पुठ्ठ्याने वारा घेत होते. कचेऱ्यांत इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टर सगळा भार ओढत नाही. बोर्डावरची तीन-चार बटणेच त्यावर घेता येतात. कोणती घ्यायची, हे वायरमन अप्पांना विचारी. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना कुणाचा पंखा फिरतो, याचा निर्णय त्याआधीच्या हिवाळ्यात होत असे: ज्याने अप्पांना मळ्यात भरीत-पुरीच्या पार्टीला नेले, त्याचा. लेखा विभागातल्या एकाने ही गोष्ट उशिरा ओळखली. दोन उन्हाळे त्याने ओल्या टॉवेलवर काढले.

सुधारणावादी साहेब अधूनमधून येतात आणि बटणांखाली नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला लावतात. गुढीपाडव्याला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा डिंक आखाजीपर्यंत वाळतो आणि त्या गळून पडतात. अप्पा त्या झाडून केराच्या टोपलीत टाकतात, पुन्हा चिकटवत नाहीत.

एलईडीने त्यांचे फार बिघडले नाही. चोकसह सुमारे 50 वॅट खाणाऱ्या 12 जुन्या ट्यूबा आठ तासांत 4.8 युनिट जाळत. 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या तेवढ्याच वेळात 1.92 युनिटांत भागवतात. त्यामुळे ‘लाइट बंद करा’ हे अप्पांचे रोजचे वाक्य थोडे हलके झाले, इतकेच. उलट एलईडीने त्यांना एक चमत्कार मिळवून दिला. वायरमनने चुकून बटणात फेजऐवजी न्यूट्रल घेतला असेल, तर बटण बंद केल्यावरही दिव्यापर्यंत फेज जिवंत राहतो, किंचित प्रवाह झिरपतो आणि पट्टी रात्री मंद लुकलुकते. वॉचमन घाबरतो. अप्पा तिथे जाऊन बटण दोनदा वरखाली करतात, दिवा तसाच लुकलुकत असतो, आणि ‘आता काही नाही’ असे सांगून घरी जातात. खरे तर अशा वेळी वायरमनला बोलावून जोडणी तातडीने उलटून घ्यायला हवी, कारण बटण बंद आहे या भरवशावर पट्टी बदलायला चढलेल्याला शॉक बसतो.

सरकारी कारकून 58 व्या वर्षी आणि चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी 60 व्या वर्षी निवृत्त होतो. कार्यभार सोपवण्याच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या, रबरी शिक्के आणि आवक-जावक नोंदवही असते, बोर्ड नसतो. निरोपसमारंभ संपतो, शाल-श्रीफळ घेऊन अप्पा रिक्षात बसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोखपालाला उजेड हवा म्हणून कुणीतरी सगळी बटणे एकदम खाली करतो. त्या दिवसापासून त्या कचेरीत सगळे दिवे एक तर लागलेले असतात किंवा विझलेले. नवा वायरमन बोर्ड उघडतो तर आत सगळ्या वायरी लाल. नव्याने वायर ओढण्याचा खर्च तो सांगतो, तो आकडा ऐकून साहेब अप्पांना फोन लावतात, आणि अप्पा पाचव्या रिंगला उचलतात.